अर्ध्या-अर्ध्या किलोने वाढणारा प्रेस

पहिल्या दिवशी रॉडसकट 25 किलो, तीन सेट, प्रत्येकी पाच रेप (एक रेप म्हणजे रॉड एकदा वर नेऊन परत खाली, आणि न थांबता मारलेले रेप म्हणजे एक सेट). चौदा महिन्यांनी 55 किलोचे पाच आणि 63 किलोचा एक. या दोन नोंदींच्या मध्ये जे काही करावं लागलं ते वहीत तारखेवार आहे, आणि हे सगळं त्या वहीवरूनच लिहितो आहे. उंची 5 फूट 8 इंच, शरीराचं वजन सुरुवातीला 72 आणि शेवटी 77 किलो. आकडे फार मोठे नाहीत. पण स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन बैठक) आणि डेडलिफ्टला (रॉड जमिनीवरून उचलणं) जे सरळ चाललं ते प्रेसला एकेक करत बंद पडलं, आणि ते का बंद पडलं हे कळल्यावरच पुढचे किलो चढले.

इथे प्रेस म्हणजे उभ्याने मारायचा बारबेल प्रेस. रॉड खांद्यावर घ्यायचा, गुडघे न वाकवता सरळ डोक्यावर न्यायचा, कोपरं लॉक करायची, म्हणजे पूर्ण सरळ, परत खांद्यावर आणायचा. आपल्याकडच्या बहुतेक जिममध्ये ‘शोल्डर’ म्हटलं की स्मिथ मशीनवर, म्हणजे रुळांवर सरकणाऱ्या रॉडने, नाहीतर पाठ टेकवून डंबेलने मारतात. तोही व्यायाम चांगलाच आहे. पण बसल्यावर बाकाची पाठ काही भार घेते. उभ्याने मारताना तो भार तळपायांपासून मांड्या, कुल्ले, पोट, पाठ असा चढत खांद्यापर्यंत जातो, आणि मधली एक कडी ढिली असली की रॉड तिथल्या तिथे थांबतो. म्हणून उभ्याचा आकडा बसल्यापेक्षा कमी येतो. त्याचं वाईट वाटून घेऊ नये.

सर्वात आधी वजनकाटा. हे काम कोणी करत नाही आणि यावरच पुढचं सगळं उभं आहे. स्पर्धेचा पुरुषांचा ऑलिंपिक रॉड 2.2 मीटर लांब आणि 20 किलोचा असतो, महिलांचा 2.01 मीटर आणि 15 किलोचा. जिममधला प्रत्येक लांब रॉड मात्र 20 किलोचा नसतो. बारीक भोकाच्या प्लेटा लागतात ते पाच-सहा फुटी रॉड तर बरेच हलके, कधी सात, कधी नऊ-दहा किलोचे. प्लेटांचंही तसंच. ‘10’ छापलेली एक प्लेट काट्यावर 9.4 भरली, तिची जोडीदार 10.2. ही जोडी रॉडला लावली की एका बाजूला पाऊण किलोहून जास्त फरक पडतो. डेडलिफ्टला तो जाणवतही नाही. प्रेसला डावा हात उजव्याच्या आधी लॉक होतो आणि माणूस आपल्या डाव्या-उजव्या खांद्यात दोष शोधत बसतो. आम्ही एका रविवारी सगळ्या प्लेटा बाथरूम काट्यावर चढवल्या, खरं वजन पांढऱ्या पेंट मार्करने मागच्या बाजूला लिहिलं आणि सारख्या वजनाच्या जोड्या लावल्या. तासाभराचं काम. बाथरूम काट्यावर छोट्या वस्तूचं वजन नीट येत नाही, म्हणून आधी आपण एकटं उभं राहून आकडा घ्यायचा, मग प्लेट हातात घेऊन, आणि वजाबाकी करायची.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे डोक्यावरची जागा. पावणेसहा फुटी माणसाने रॉड लॉक केला की रॉड साधारण 7 फुटांच्या आसपास असतो. मोठ्या प्लेटचा व्यास 45 सेंटीमीटर, म्हणजे रॉडच्या वर आणखी साडेबावीस. इमारतीच्या तळमजल्यावर किंवा घरच्या 9 फुटी छताखाली पंखा लटकत असेल तर प्लेट आणि पातं यांच्यात वीतभर अंतरही उरत नाही. पंख्याखाली कधीही उभं राहायचं नाही, पंखा बंद असला तरी. पंखा, ट्यूबलाइट, बीम बघून जागा ठरवायची आणि फरशीवर टेपची खूण करून ठेवायची.

बुटांचं थोडक्यात सांगतो. पळायचे जाड, मऊ तळव्याचे बूट नकोत. वजन डोक्यावर असताना टाच फोममध्ये एका बाजूला दबली की वर रॉड बोटभर हलतो. शाळेत पीटीला घालायचो ते सपाट तळाचे कॅनव्हास बूट यासाठी उत्तम.

आता पकड. रॉड स्टँडवर काखेच्या रेषेत असावा. खाच वर असेल तर चवड्यांवर उभं राहून रॉड काढावा लागतो, त्यापेक्षा एक खाच खाली परवडली. हात खांद्यांच्या जरा बाहेर, रॉडचं नर्लिंग, म्हणजे पकडीसाठीचा खरखरीत भाग, जिथे सुरू होतो तिथे तर्जनी किंवा त्याच्या बोटभर बाहेर. योग्य रुंदी तपासायची खूण एकच: रॉड खांद्यावर असताना समोरून बघितलं तर मनगटापासून कोपरापर्यंतचा हात उभा, ओळंब्यात दिसला पाहिजे. बेंच प्रेसची (बाकावर उताणं पडून छातीवरून ढकलायचा) सवय असलेले हात रुंद धरतात. मग कोपर मनगटाच्या आत जातं आणि ताकद वर जाण्याऐवजी तिरकी जाते.

तळहाताची बाब बारीक आहे, पण माझे पहिले पाच किलो तिच्यानेच वाढले. सरळ हात घालून रॉड धरला तर तो बोटांच्या मुळाशी बसतो, मनगट मागे मोडतं आणि रॉड हाताच्या हाडाच्या मागे जातो. त्याऐवजी धरताना हात किंचित आत वळवायचा, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा आहे त्याच्यावर रॉड तिरका टेकतो. मग बोटं मिटायची, अंगठा रॉडभोवती. आता रॉडचं वजन थेट हाताच्या हाडावर येतं. दोन महिने मनगट दुखतंय म्हणून पट्ट्या बांधणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं एवढ्यानेच जातं. अंगठा न गुंडाळता धरणारेही आहेत. डोक्यावर वजन असताना ते करू नये.

कोपरं रॉडच्या किंचित पुढे, फार नाही. ज्यांचा कोपरापासून मनगटापर्यंतचा हात लांब आहे त्यांचा रॉड गळपट्टीच्या हाडावर टेकत नाही, हनुवटीखाली अधांतरी राहतो. ती हाडांची लांबी आहे, चूक नाही. टेकवण्यासाठी ओढाताण केली तर कोपरं मागे जातात आणि खांद्यात चिमटा बसतो.

रॉड काढून दोन लहान पावलं मागे. पाय कुल्ल्यांच्या रुंदीचे, चवडे जरा बाहेर. इथून रॉड वर जाईपर्यंत जे होतं ते सावकाश सांगतो. गुडघे ताठ, मांड्या आवळलेल्या. कुल्ले घट्ट, अगदी नाणं धरल्यासारखे. कुल्ले घट्ट असले की कंबर मागे वाकू शकत नाही, आणि कंबर वाचवायचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही. मग पोटात श्वास. छाती फुगवायची नाही, कमरेच्या पट्ट्याच्या चारही बाजूंना पोट दाबलं गेलं पाहिजे असा श्वास भरायचा आणि कोंडायचा. रेप पूर्ण होईपर्यंत तो सोडायचा नाही. अर्ध्यावर ‘हुश्श’ केलं की धड ढिलं पडतं आणि रॉड कपाळाशी अडकतो. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी दम कोंडण्याबद्दल आधी डॉक्टरांना विचारावं, कारण त्या क्षणी दाब खरोखरच वर जातो.

हनुवटी मागे ओढायची, वर उचलायची नाही. वर उचलली तर ती रॉडच्या वाटेत येते आणि रॉडला वळसा घालून पुढून जावं लागतं. रॉड नाकाला घासून गेल्यासारखा वर. कपाळ ओलांडलं की धड रॉडच्या खाली पुढे आणायचं, डोकं दोन्ही दंडांच्या मध्ये येतं, कान दंडांच्या जरा पुढे दिसतात. शेवटी कोपरं लॉक आणि खांदे कानांकडे उचललेले.

हे शेवटचं खांदे उचलणं दिखाऊ नाही. हात वर जातो तेव्हा पाठीवरचा फरा, म्हणजे खांद्याचं पातं, हाताबरोबर वर फिरावं लागतं. ते फिरवण्याचं काम मानेजवळचा ट्रॅपेझियस आणि बरगड्यांवरचा सेराटस करतो. फरा फिरला नाही तर खांद्याच्या टोकाचं हाड आणि दंडाचं हाड यांच्यामधली जागा अरुंद होते आणि मधल्या शिरा-स्नायूबंध चेपले जातात. ‘खांदे खाली दाबून ठेवा’ ही सूचना बेंचवर बरोबर आहे. तीच डोक्यावरच्या प्रेसला लावल्यामुळे किती तरी खांदे बिघडतात. वर गेल्यावर ढकलत राहायचं, छत जरा दूर आहे असं समजून.

रॉडची वाट सरळ का हवी याचं कारण तरफेत आहे. खांद्याच्या सांध्यापासून रॉड आडवा जितका पुढे, तितकं तेच वजन जड. दंड जमिनीला समांतर होतो तेव्हा, म्हणजे रॉड कपाळ ते डोक्याच्या माथ्याच्या उंचीवर असतो तेव्हा, हे काम सर्वांत अवघड असतं. त्याच टप्प्यावर खांद्याच्या पुढच्या स्नायूकडून दंडाच्या मागच्या ट्रायसेप्सकडे भार सोपवला जातो. बहुतेकांचा रॉड तिथेच अडतो. त्यातून तो दोन बोटं पुढे गेलेला असेल तर संपलंच.

ती दोन बोटं डोळ्यांना आतून दिसत नाहीत. म्हणून फोन. बाटलीला टेकवून कमरेच्या उंचीवर, बरोबर बाजूने, दोन-अडीच मीटर अंतरावर. फिल्म थांबवत बघायची: प्लेटचा मधला गोल बुटाच्या नाडीच्या रेषेवरून वर जातोय का? 47 किलोला मी दोन वेळा अडकलो, तेव्हाच्या फिल्ममध्ये चौथ्या रेपला रॉड हनुवटीशी नाडीवर होता, नाकाशी बुटाच्या टोकाकडे सरकला, कपाळाशी थांबला, कोपरं बाहेर उघडली आणि टाचा हलक्या झाल्या. ताकद संपल्यासारखं वाटलं होतं. वाट चुकली होती. मग वजन उतरवून पुन्हा चढताना एकच सूचना मनात ठेवली, ‘रॉड मागे, चेहऱ्याकडे’, आणि तेच वजन गेलं.

मागे झुकण्याबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. सुरुवातीला कुल्ले बोटभर पुढे ढकलून छाती जरा वर करणं हा तंत्राचाच भाग आहे. त्याने हनुवटीला वाट मिळते. पण वजन वाढलं की हे झुकणं नकळत कमरेतून व्हायला लागतं, छातीचे वरचे स्नायू मदतीला येतात आणि प्रेसचा तिरका बेंच प्रेस होतो. यामुळेच ही लिफ्ट ऑलिंपिकमधून गेली. 1928 च्या अ‍ॅम्स्टरडॅमपासून वेटलिफ्टिंगमध्ये प्रेस, स्नॅच (जमिनीवरून एका दमात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग झटक्याने डोक्यावर) अशा तीन लिफ्ट असायच्या. पुढे पुढे खेळाडू इतके मागे वाकू लागले की कुठली लिफ्ट वैध आणि कुठली नाही यावर पंचांचं एकमत होईना. 1972 चं म्युनिक शेवटचं. तिथे सोव्हिएत संघाच्या वासिली अलेक्सेयेव्हने 235 किलो प्रेस केला, आणि 1976 च्या माँट्रियलला दोनच लिफ्ट उरल्या. आपल्या वहीसाठी नियम सोपा ठेवावा: गुडघा वाकला किंवा फिल्ममध्ये कंबर मोडलेली दिसली की तो रेप मोजायचा नाही. असं केलं नाही तर तीन महिन्यांनी आकडा वाढलेला दिसतो, पण खांदा तेवढाच असतो.

आता वाढ. सुरुवातीला आठवड्यात दोन दिवस प्रेस, दर वेळी अडीच किलो वाढ. 25 पासून 40 पर्यंत सात वेळांत पोचलो. 42.5 ला 5, 4, 3 असे रेप आले. पुढच्या वेळीही जेमतेम 5, 4, 4. इथे बहुतेक लोक ‘प्रेस वाढत नाही’ म्हणून सोडून देतात. हिशोब करून बघा: 100 किलोच्या स्क्वॉटवर अडीच किलो म्हणजे अडीच टक्के. 30 किलोच्या प्रेसवर तेच अडीच किलो म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त. आणि जिथे सर्वांत लहान प्लेट अडीचची आहे तिथे दोन्ही बाजूंना लावून पाच किलो वाढतात. 40 वर पाच म्हणजे साडेबारा टक्के. एवढी उडी कोणाचाच खांदा दोन दिवसांत घेत नाही. वजन वाढवायची पायरीच मोठी असते.

म्हणून लहान प्लेटा बनवून घ्याव्यात. विकतही मिळतात, पण फॅब्रिकेशनवाल्याकडे स्वस्त पडतात. मापं देतो, ती 50 मिलिमीटर जाडीच्या ऑलिंपिक स्लीव्हसाठी, म्हणजे रॉडच्या ज्या टोकावर प्लेटा चढतात त्यासाठी, आहेत. 6 मिलिमीटरची साधी एमएस (माइल्ड स्टील) प्लेट, मधलं भोक 51 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 97 मिलिमीटर ठेवला तर चकती बरोबर पाव किलोच्या आसपास भरते. व्यास 127 मिलिमीटर, म्हणजे पाच इंच, ठेवला तर अर्धा किलो. प्रत्येकी दोन-दोन कापून घ्यायच्या. चार चकत्यांत रॉडवर अर्धा, एक आणि दीड किलो अशी वाढ करता येते. कापल्यावर कडा फाइलने मारून घ्या, नाहीतर बोटं कापतात, आणि किराणावाल्याच्या किंवा स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तपासा. बारीक भोकाचा रॉड असेल तर हार्डवेअरच्या दुकानात प्लेटच्या भोकाला ताडून मोठे वायसर घ्यायचे आणि तारेत ओवून वजन जमवायचं. तेही नसेल तर मनगटाला बांधायचे वेल्क्रोचे अर्ध्या किलोचे पट्टे रॉडच्या दोन टोकांना गुंडाळले तरी चालतात, फक्त क्लिपच्या (प्लेटा घसरू नयेत म्हणून रॉडला लावायची पकड) आत.

क्लिप प्रत्येक सेटला लावायची, रिकाम्या रॉडवर चकत्या असल्या तरी. प्रेस करताना रॉड जरा तिरका होतोच, आणि एक प्लेट घसरली की दुसरी बाजू क्षणात खाली येते.

एक-एक किलोने 40 वरून 46 पर्यंत तीन आठवड्यांत गेलो. 47 ला वर सांगितलेली फिल्म. वजन दहा टक्के उतरवून 42 वर आणलं, वाट सुधारत पुन्हा चढलो, चौथ्या महिन्याच्या शेवटी 48 चे तीन सेट पाचाचे झाले. त्या दिवसाचा वॉर्म-अप नमुना म्हणून: रिकामा रॉड पाच-पाचचे दोन सेट, 30 चे पाच, 38 चे तीन, 43 चे दोन, मग 48. जड सेटच्या आधी दमायचं नाही, एवढंच बघायचं. दोन जड सेटच्या मध्ये तीन ते पाच मिनिटं विश्रांती. संध्याकाळी सातला गर्दीत ही विश्रांती मिळत नाही, मागे दोघं रॉडसाठी उभे असतात. सकाळी लवकर किंवा दुपारी जागा मिळाली तर प्रेसचा दिवस तेव्हा लावावा. नव्वद सेकंदांत दुसरा सेट मारून पाचचे तीन झाले, तर तो नापास सेट नाही, अपुरी विश्रांती आहे. वहीत मिनिटंही लिहावीत.

पाचव्या महिन्यापासून दर वेळी वाढ होणं थांबलं. एक किलोही जड, अर्धाही जड. इथे आठवड्याचा आराखडा बदलावा लागतो. माझ्या वहीत पुढचे दहा महिने चार-चार आठवड्यांच्या फेऱ्या आहेत. त्या वेळी एका रेपचं जास्तीत जास्त 60 किलो असेल, तर फेरी अशी: सोमवार जड. पहिल्या आठवड्यात 51 चे पाच रेप, एकच सेट, आणि त्यानंतर 46 चे दोन सेट. दुसऱ्यात 53.5 चे तीन-तीनचे तीन सेट. तिसऱ्यात 56 चे एकेक रेपचे चार-पाच सेट. चौथा हलका, 42 चे तीन सेट पाचाचे, आणि घरी. गुरुवार भराचा, म्हणजे कमी वजनावर जास्त रेपचा, दिवस: 43 चे सहा-सहाचे पाच सेट, विश्रांती दोन मिनिटं. पुढच्या फेरीत सगळे आकडे अर्धा ते एक किलो वर. म्हणजे चकत्यांचं खरं काम इथून सुरू होतं.

हलका आठवडा गाळायचा मोह होतो, कारण तिसऱ्या आठवड्यात जोर आलेला असतो. मी दोनदा गाळला. दोन्ही वेळा पुढच्या फेरीच्या पहिल्या सोमवारी 5 ऐवजी 3 रेप आले. खांद्याचा सांधा कुल्ल्याच्या सांध्यापेक्षा लहान आहे, त्याला भरपाई लागते. तो आठवडा ठेवा.

महिलांनी आणि ज्यांचं शरीराचं वजन 55 किलोच्या आत आहे त्यांनी पहिल्या दिवसापासूनच अर्ध्या किलोची वाढ धरावी. 20 किलोचा रॉड पहिल्या दिवशी बऱ्याच जणींना जड जातो. सहा-सात किलोचा पाच फुटी रॉड घेऊन सुरू करण्यात काहीही कमी नाही. त्याच रॉडवर पाऊण वर्षात दहा-बारा किलो वाढलेले मी बघितले आहेत.

जोडीच्या व्यायामांत मी तीनच ठेवले. पुश प्रेस, म्हणजे गुडघ्यांचा हलका झटका देऊन वर न्यायचा आणि सावकाश खाली आणायचा. 60 चा प्रेस असताना 60 चेच तीन-तीन रेप. याने डोक्यावर जड वजन धरायची सवय होते आणि वरच्या अर्ध्या भागाला काम मिळतं. दुसरा, कपाळाच्या उंचीवर रॅकच्या पिनांवर रॉड ठेवून तिथून ढकलायचा पिन प्रेस, ज्यांचा रॉड कपाळाशी अडतो त्यांच्यासाठी. तो आठवड्यातून एकदा, तीन रेपचे तीन सेट, यापेक्षा जास्त नाही. तिसरा, हनुवटीपर्यंत ओढायचे चिन-अप आणि वाकून रोइंग. जितकं ढकलता तितकं ओढा. पाठ जाड झाली की रॉड खांद्यावर बसायला ओटा मिळतो. लॅटरल रेझ (डंबेल बाजूंना उचलणं) वगैरे वेळ उरला तर. तालमीत जोर मारलेले किंवा हलके मुद्गल फिरवलेले लोक इथे येतात तेव्हा त्यांचे खांदे आधीच मोकळे असतात, वॉर्म-अपसाठी तीन-चार किलोचा मुद्गल मिळाला तर तो जरूर फिरवावा.

दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांची अडचण वेगळी. भिंतीला पाठ लावून उभं राहा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, आणि सरळ हात वर नेऊन अंगठे भिंतीला टेकवा. कंबर भिंतीपासून कमानीसारखी सुटली तरच अंगठे टेकत असतील, तर रॉडखालीही तेच होणार. पाठीचा वरचा भाग आखडलेला आहे. दांड्याला तीस-तीस सेकंद लटकणं, दिवसातून तीन-चार वेळा, आणि गुंडाळलेला टॉवेल फऱ्यांच्या खाली आडवा ठेवून दोन मिनिटं पडून राहणं. महिना-दीड महिना लागतो. तोपर्यंत डंबेलने मारावं, हात जरा पुढे तिरके ठेवता येतात.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात दोन गोष्टी होतात: हात घसरतात आणि रॉड गंजतो. हातांना मॅग्नेशियम कार्बोनेटची चॉक पावडर, चिमूटभर. रॉडला पितळी ब्रश मारून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब, आणि कोरड्या फडक्याने इतकं पुसायचं की बोटाला तेल लागू नये.

खाण्याशिवाय प्रेस वाढत नाही, आणि शरीराचं वजन वाढलं की सर्वांत आधी प्रेसच हलतो. माझे पाच किलो चौदा महिन्यांत वाढले, म्हणजे महिन्याला साडेतीनशे ग्रॅम. प्रथिनं शरीराच्या वजनामागे दर किलोला 1.6 ग्रॅमच्या आसपास, 75 किलोला 120 ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, 50 ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये पंचवीसेक, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ. नुसत्या वरणभातावर 120 होत नाहीत. वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅमच असतात. शाकाहारी ताटात सोया, पनीर, दूध-दही आणि उसळी रोज हव्यात.

दुखण्यांबद्दल. खांद्याच्या पुढच्या बाजूला खाली आणताना चिमटा बसत असेल तर पकड बोटभर आत आणि कोपरं पुढे. वर लॉक करताना टोकाशी दुखत असेल तर खांदे उचलले जात नाहीत. सेटनंतर कंबर भरून येत असेल तर कुल्ले सुटताहेत, आणि पट्टा त्यावरचा उपाय नाही. दहा सेंटीमीटर रुंद पट्टा चांगला, पण कुल्ले घट्ट ठेवायला शिकल्यानंतर. रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल, हाताला मुंग्या येत असतील किंवा हात वर जाताना मध्येच बळ जात असेल तर रॉड ठेवून अस्थितज्ज्ञाकडे जायचं. आठवडाभर थांबून बघतो म्हणू नये.

रेप अडला तर घाबरण्यासारखं काही नाही. ज्या वाटेने गेला त्याच वाटेने रॉड खांद्यावर आणायचा, गुडघे किंचित सोडून झेलायचा आणि स्टँडवर ठेवायचा. मागे टाकायचा नाही. पाठीमागून कोपरांना हात लावणारा मदतनीस इथे नको, त्याने रॉड पुढे ढकलला जातो.

गणपती, दिवाळी किंवा तापामुळे दोन आठवडे सुटले तर परत येताना पंचाऐंशी टक्क्यांवरून सुरू करावं. 51 चे पाच मारणाऱ्याने 43 वर यायचं, दर वेळी दोन-दोन किलो चढवायचे. दोन आठवड्यांत जुना आकडा येतो. मी पहिल्यांदा थेट 51 लावले होते, पहिला रेप कपाळाशीच थांबला.